चादरीखालचं बोट

इनोयत अपाच्या फाटकाला दोन कड्या आहेत. वरची तिच्या नवऱ्याच्या वेळची. खालची तिनं स्वतः बसवून घेतली, सहा वर्षांपूर्वी, थोरली सून नातवाला घेऊन रशियाला गेली त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, बैल गेला नि झोपा केला. पोट धरून हसल्या. मी हसले नाही. मला हसायला तोंडच नव्हतं. का ते पुढं येईलच.

मी मस्तूरा, इस्फारातली फोटोवाली. लग्नं काढते, सुंता काढते, शाळेचा शेवटचा दिवस काढते, पण माझं खरं गिऱ्हाईक म्हणजे तान्ही बाळं. घरी जाऊन काढते. बाळंतिणीच्या खोलीत पुरुष फोटोवाल्याला कोण येऊ देणार? आणि आमच्याकडे चाळीस दिवसांचा चिल्ला संपेपर्यंत परक्या बाईलाही कुणी उंबरा ओलांडू देत नाही. मला देतात. ते इनोयत अपामुळं.

माझा नवरा गेला तेव्हा त्याचा कॅमेरा मी विकायला काढला होता. अपा समाचाराला आली, चहा प्याली, कॅमेरा उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाली, "विकून किती दिवस खाशील? शीक की मेले." मी शिकले. मग हीच बाई मला दारोदार घेऊन हिंडली. प्रत्येक दारात एकच वाक्य. "हिची नजर हलकी आहे. हिच्या नजरेनं पोराला काही होत नाही." चौदा वर्षं मी त्या एका वाक्यावर जेवतेय.

अपा स्वतः कोण? बिया फोडणारी. आमच्या गावात जर्दाळू वाळवतात, आणि बियांतला गर वेगळा काढतात. एका छपरात ओळीनं बसून बायका हातोडीनं बिया फोडतात. तीस वर्षं अपा त्या ओळीत बसली. उजव्या हातात हातोडी, डाव्या हातात बी. हातोडी काय नेहमी बीवरच पडते थोडीच! डाव्या हाताची तिची तर्जनी टोकाला चपटी झालीय, आणि नख उलथन्यासारखं पसरट. अंधारात हातात हात दिला तरी मी सांगेन, ही अपा. नवरा लवकर गेला. त्या बोटाच्या जोरावर दोन पोरं वाढवली, अकमल आणि दिलोवर. दोघंही कामाला रशियात. आमच्या गल्लीत पुरुष म्हणजे एक म्हातारे, नाहीतर शाळकरी.

तर या फेब्रुवारीत अपाचा फोन आला. आमची अपा 'कशी आहेस' वगैरे विचारत नाही.

"या आठवड्यात कुणाच्या मयताला गेली होतीस?"

"नाही."

"मग उद्या ये. सूर्य वर आल्यावर ये. अंघोळ करून ये. आणि ती जीभ घरी ठेवून ये."

मी समजले. धाकट्या दिलोवरला मुलगा झाला होता, एकोणतिसावा दिवस होता. पोराचं नाव शोदमोन. बापानं त्याला अजून बघितलं नव्हतं.

फाटकाच्या दोन्ही कड्या निघाल्या. अपा हातात धुपाची तवली घेऊनच उभी. इस्पंदाचा धूर माझ्याभोवती तीनदा फिरवला, कॅमेऱ्याच्या पिशवीभोवतीही फिरवला, मला ठसका लागला तरी थांबली नाही. मग आत नेऊन अटी सांगितल्या. सांगितल्या कसल्या, ठोकल्या.

"दिलोवर रोज भुणभुण करतो, एक फोटो, एक फोटो. म्हणून एकच काढायचा. झोपलेला. टोपी काढायची नाही. काजळाचा टिळा पुसायचा नाही. पाळण्यातून उचलायचं नाही. आणि डोळे उघडले तर तुझं यंत्र खाली."

"डोळ्यांचं काय आता?"

"उघड्या डोळ्यांचा फोटो परमुलखात गेला की पोराचा ओढा तिकडेच लागतो."

"हे कुठल्या मुल्लानं सांगितलं?"

"मुल्ला कशाला लागतो? भिंतीवर बघ."

भिंतीवर बेहझोद होता. थोरला नातू, अकमलचा. चार महिन्यांचा असतानाचा फोटो, मोठा करून चौकटीत लावलेला. मागं पांढरं, डोळे टक्क उघडे, तोंड अगदी समोर. मी त्या फोटोकडे फार वेळ बघत नाही. तो मीच काढलाय.

बाळंतिणीची खोली म्हणजे भट्टी. खिडकीला प्लास्टिक ठोकलेलं, दाराला गोधडी टांगलेली, कोपऱ्यात शेगडी धडधडत होती. उशाखाली सुरी, लसूण, नानचा तुकडा, सगळं जागच्या जागी. सून मुंझिफा गादीवर पाय पोटाशी घेऊन बसलेली. वीस वर्षांची पोरगी, कोनिबोदोमची; अपाला ओयी म्हणते, म्हणजे आई, आणि मला खोला, म्हणजे मावशी. लग्नानंतर बावीस दिवसांनी नवरा रशियात समाराला गेला तो गेला. मला बघून ती उठायला गेली तशी अपा ओरडली, "बस! टाके उसवून घेशील."

शोदमोन पाळण्यात होता. आमचा पाळणा काही हलका झोका नव्हे. दोन रुंद पट्ट्यांनी पोराला छातीपासून घोट्यापर्यंत आवळून बांधतात. तोंड तेवढं मोकळं. मोठी टोपी, टोपीवर मणी, दोन्ही भुवयांच्या मध्ये काजळाचा एवढा थोरला ठिपका. मी चहाच्या किटलीला हात लावून बोटं गरम केली, चंदेरी कागद खिडकीसमोर धरायला मुंझिफाला दिला आणि झोपलेल्याचे पाच-सहा फोटो काढले. अपा माझ्या खांद्यावरून बघत होती.

"झालं?"

"अजून बघते. उजेड नीट नाही."

"नान लावून येते तंदूरला. तोवर हात लावू नको त्याला."

दाराची गोधडी बाजूला करून अपा गेली. तेवढ्यात त्या पोरीनं माझं मनगट धरलं.

"खोला, पांढऱ्यावर एक काढा."

"काय?"

"तुमच्या पिशवीत पांढरी चादर असते ना? त्यावर. टोपी नाही, डोळे उघडे, तोंड समोर. पासपोर्टचा."

माझ्या हातातून लेन्सचं झाकण घरंगळत शेगडीपाशी गेलं. मी म्हटलं, "तुझं डोकं ठिकाणावर आहे का? मला मारून टाकायचं ठरवलंयस?"

"माझा भाऊ सगळं बघतोय, आई बाळ बघायला आली तेव्हा निरोप आणला. दिलोवरनं कागद सही करून पाठवलेत. फक्त फोटो नाही. खोला, पासपोर्टाला दहा दिवस लागतात. चाळीस दिवस झाले की ओयी मला रीतीप्रमाणं माहेरी पाठवणार, तीनच दिवस. तीन दिवसांत ते होत नाही. आज फोटो मिळाला तर मी माहेरी जाईपर्यंत पासपोर्ट हातात असेल. तिथूनच निघता येईल."

"मग सासूला सरळ सांग ना, मला नवऱ्याकडे जायचंय म्हणून!"

"दिलोवरनं सांगितलं होतं फोनवर, मला सहावा महिना होता तेव्हा. ओयी काही बोलल्या नाहीत. फोन ठेवला नि दोन दिवस जेवल्या नाहीत. पुन्हा कुणी विषय काढला नाही. बाळंतीण झाले तेव्हा त्यांनी माझा फोन पेटीत ठेवला. म्हणाल्या, चिल्ल्यात फोनच्या उजेडानं दूध आटतं."

"तुला त्रास देते का? मारते?"

ती जे बोलली ते मी अजून विसरलेले नाही.

"मारलं असतं तर बरं झालं असतं, खोला. भावाला बोलावलं असतं नि गेले असते. त्या मला हातानं अटोल्याची लापशी भरवतात. पोर रडलं तर माझ्याआधी उठतात. काल माझे पाय चेपले त्यांनी. सासूनं सुनेचे! अशा बाईच्या घरातून मी कुठल्या तोंडानं बाहेर पडू? नऊ महिने झाले, मी गल्ली पाहिलेली नाही. पोटात होता तेव्हा नजर लागेल म्हणून नाही, आता चिल्ला म्हणून नाही, मग दात येतील म्हणून नाही. नवऱ्याचा आवाजसुद्धा मी त्यांच्या गालाला गाल लावून ऐकते. एकच फोन, दोन कान."

आता सांगते मी का हसले नव्हते ते. सहा वर्षांपूर्वी याच खोलीत थोरल्या सुनेनं, सबोहतनं, माझं मनगट असंच धरलं होतं. मी तेव्हा फार विचार केला नाही. पांढरी चादर लावली, अपाला म्हटलं, "हल्ली अशीच फॅशन आहे." फोटो काढला. चार दिवसांनी निरोप आला की पासपोर्टाच्या कचेरीनं फोटो परत पाठवला, टोपीखाली एक कान झाकला गेलाय. मी पुन्हा गेले. अपाला म्हटलं, "फोटो हलला गं, पुन्हा काढते, त्याचे पैसे नकोत." अपानं माझ्यासाठी संबूसे केले. निघताना कापडाचा तुकडा अंगावर घातला, वर मलाच म्हणाली, "किती मन लावून काम करतेस." दोन महिन्यांनी सबोहत आणि बेहझोद 'तीन महिन्यांसाठी' गेले. अकमलची चिठ्ठी येते, पैसे येतात. पोर येत नाही. अपानं माझ्याकडून तोच फोटो मोठा करून घेतला आणि भिंतीवर लावला. सहा वर्षं मी या घरात येते आणि त्या भिंतीला पाठ करून बसते.

आणि आता ही दुसरी. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय! नाही म्हणावं तर या पोरीचा चेहरा घेऊन घरी जायचं. हो म्हणावं तर त्याच बाईचं घर त्याच हातानं दुसऱ्यांदा रिकामं करायचं, जिनं माझी चूल पेटती ठेवली. शिवाय अपाला कळलं तर? तिनं नुसतं एवढं म्हणायचं की मस्तूराची नजर जड झाली. इस्फारात एक दार मला उघडलं नसतं.

मला राग आला. त्या पोरीचा नाही, अपाचाही नाही. त्या प्लास्टिक ठोकलेल्या खिडकीचा आला. मी म्हटलं, "गप्प बस. मी सांगेन तसं कर, आणि तोंड असं पाडू नकोस, लहान पोरालासुद्धा कळेल."

अपा आत आली, हाताला पीठ.

"अपा, फोटो बिघडतोय," मी म्हणाले. "पाळण्याच्या दांडीची सावली तोंडावर येते. पोर निळसर दिसतं. दिलोवरला वाटेल आजारी आहे."

बाण बरोबर लागला. "निळसर? दाखव."

दाखवला. एक मुद्दाम काळपट काढून ठेवला होता. लाज वाटली, पण काढला होता.

"मग काय करायचं म्हणतेस?"

"बाहेर काढू. मांडीवर धरायचं. धरणारी चादरीखाली बसते, म्हणजे ती दिसत नाही, पोर तेवढं दिसतं. मुंझिफा बसेल."

अपानं माझ्या हातातल्या पांढऱ्या चादरीकडे बघितलं. मग भिंतीकडे. मग त्या चपट्या बोटानं पाळण्याची पट्टी सोडायला लागली.

"मुंझिफा नको," ती म्हणाली. "तिचे हात कापतात अजून. मी बसते."

मुंझिफानं माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं नाही. मनात म्हटलं, घ्या आता! आजीच्याच हातात पोर द्यायचं, तिच्याच डोक्यावर चादर घालायची आणि तिच्याच मांडीवरून तिचं पोर न्यायचं. माझ्या नवऱ्याच्या कॅमेऱ्यानं याहून घाण काम कधी केलं नसेल.

"आणि तू काय बघत बसलीस?" अपा सुनेला म्हणाली. "नान करपतील. जा, काढून आण. शाल घे. जाडी घे ती."

एकोणतीस दिवसांत त्या बाईनं सुनेला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू दिलं नव्हतं. मला ते खटकलं, पण खटकलेलं धरून ठेवायला वेळ नव्हता. मुंझिफा शाल गुंडाळून गेली. मी अपाला खिडकीसमोर बसवलं, वरून चादर घातली. चादरीच्या घडीतून तिचे दोन हात बाहेर आले, मी पोर त्या हातांवर ठेवलं. तान्हं पोर आडवं असलं की झोपतं, उभं धरलं की डोळे उघडतं. ही आमच्या धंद्यातली गोम. शोदमोननं डोळे उघडले. मी चहाच्या डब्यात जर्दाळूच्या बिया घालून खुळखुळा केलाय, तो वाजवला. पोर टक लावून माझ्याकडे बघायला लागलं. टोपी आणि टिळा तसाच होता. म्हटलं टोपी आता हळूच उचलू, टिळा घरी कॉम्प्युटरवर पुसू. उजेड बघायला एक फोटो काढला.

"अपा, बोट दिसतंय."

"कुठलं?"

"चपटं. मानेपाशी."

बोट आत गेलं. मग चादरीतून तोच हात पुन्हा वर आला. त्यानं पोराची टोपी काढली, खाली ठेवली. अंगठा आत गेला, थुंकी लावून बाहेर आला आणि कपाळावरचा काजळाचा ठिपका पुसायला लागला. एकदा, दोनदा, कपाळ लाल होईस्तोवर स्वच्छ पुसला. माझा खुळखुळा हातातच राहिला.

चादरीच्या आतून आवाज आला.

"दोन्ही कान दिसतायत का बघ. मागच्या वेळी एकच दिसत होता. म्हणून परत यावं लागलं तुला."

जीभ खरंच घरी ठेवून आले असते तर बरं झालं असतं.

"अपा..."

"फोटो काढ आधी. पोर अवघडलंय."

मी काढला. चार काढले. दोन फुकट गेले, दोन चांगले आले. दोन्ही कान, दोन्ही डोळे, मागं पांढरं.

"आला?"

"आला."

"मग थांब जरा. चादर काढू नको. आतूनच बोलते. तोंड दाखवून नाही जमायचं."

मी पोर तिच्या हातातून घेतलं आणि छातीशी धरलं. समोर पांढऱ्या चादरीचा ढीग, आणि तो ढीग बोलत होता.

"तुला कधीपासून माहीत होतं अपा?"

"बेहझोद गेल्यावर महिन्याभरानं पासपोर्टाच्या कचेरीवरनं चालले होते. तिथं दुकानाच्या काचेत नमुने लावलेत ना? सगळे पांढऱ्यावर, सगळे टक लावून बघतायत, सगळ्यांचे दोन्ही कान बाहेर. तुझा पहिला आठवला, एकाच कानाचा. म्हटलं, अगं बाई, असला एक माझ्या भिंतीवर आहे की! तिथंच पायरीवर बसले."

"सहा वर्षं झाली. एक शब्द बोलली नाहीस. मला चपलेनं हाणायचं होतंस."

"बोलले असते तर तुझी नजर जड ठरली असती. मग खाल्लं काय असतंस? कॅमेरा?"

मला रडूच फुटलं. पोर हातात, नाक पुसायला हात नाही. मी म्हटलं, "मग आज हे सगळं कशाला? दोन कड्या कशाला, फोन पेटीत कशाला? सरळ म्हण ना तिला, जा म्हणून."

"म्हणायला गेले होते. दिलोवरनं फोनवर विषय काढला तेव्हा दोन दिवस जेवले नाही ना, ते रागानं नव्हे गं. दोन दिवस 'जा' घशात होतं. घास जाईना नि शब्द येईना. तिसऱ्या दिवशी भूक लागली, घास गेला. शब्द काही आला नाही." चादर जरा हलली. "आणि चोरीला गेलं तर लोक हळहळतात, मस्तूरा. आपल्या हातानं दिलं तर वेड्यात काढतात. एकदा हसलेत माझ्या कडीला. पुन्हा नको."

"तूही जा मग त्यांच्याबरोबर. दिलोवर नाही म्हणणार नाही."

"म्हणतो की तो, ये म्हणून. तिथं जाऊन काय, सुनेची सून होऊ? भाषा येत नाही, रस्ता येत नाही. त्यांनी कामाला जाताना बाहेरनं कडी घालायची नि मी आत. इथली निदान मी लावलेली आहे."

अंगणात तंदूरचं झाकण वाजलं. अपा घाईघाईनं बोलली. "तिला सांगू नकोस. शपथ घे. मी जाऊ देतेय हे तिला कळलं तर ती जायची नाही. पाय चेपून बसलेय मी तिचे. माझंच चुकलं. वाईट वागायला हवं होतं, ते काही जमलं नाही."

गोधडी हलली. मुंझिफा नान घेऊन आत आली, गाल थंडीनं लाल. चादरीतून अपा बाहेर निघाली, केस विस्कटलेले, डोळे सुजलेले. "बाई बाई, काय उकडतं आत!" असं म्हणून तिनं बाहीनं सगळं तोंड पुसलं. मग सुनेच्या हातातल्या नानकडे बघितलं.

"हे काय? कड करपवलीस? एवढंसं काम सांगितलं तर तेही नाही. तुझ्या आईनं तंदूर दाखवलाच नाही वाटतं कधी!"

पोरगी खाली मान घालून उभी. अपानं शोदमोनच्या कपाळावर पहिल्यापेक्षा मोठा ठिपका लावला, टोपी घातली आणि पट्ट्यांनी आवळून बांधला. दिलोवरला पाठवायला तिनं माझ्याकडून झोपलेला फोटोच घेतला. दुसरा त्याच दिवशी दुपारी मुंझिफाच्या भावानं माझ्या घरून नेला.

एक्केचाळिसाव्या दिवशी भाऊ गाडी घेऊन आला. गल्लीतल्या बायका फाटकाशी जमल्या होत्या. अपा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सुनेला दम देत होती.

"तीन दिवस म्हणजे तीन दिवस. चौथ्या दिवशी सूर्य मावळायच्या आत इथं पाहिजेस. आईच्या कुशीत लोळत बसू नकोस."

"हो, ओयी."

मी मात्र पिशव्या बघत होते. तीन दिवसांच्या माहेराला तिनं जर्दाळूची एवढी मोठी थैली दिली होती, वर्षभर पुरावी. पोराच्या लोकरीच्या टोप्या, एक आत्ताची, एक पुढच्या हिवाळ्याची. आणि मुंझिफाचा फोन, पेटीतून काढलेला, रुमालात बांधून. "पोचलीस की कळव त्याच्यावरनं," अपा म्हणाली. मुंझिफानं वाकून तिचे हात धरले आणि सोडेचना. तिला वाटत होतं आपण या बाईला फसवतोय. रडत होती ती त्यासाठीच. मला एक शब्द बोलायचा होता, एकच, आणि शपथ घातलेली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार तो हाच. अपानंच तिची बोटं एकेक करून सोडवली. "चल, पोराला वारं लागतंय," म्हणाली.

चौथ्या दिवशी सूर्य मावळला. पाचव्या दिवशी समाराहून फोन आला. आणि अपानं काय आकांत केला म्हणता! गल्ली गोळा झाली. कपाळ बडवून घेतलं, सुनेच्या सात पिढ्या काढल्या. मी बघत होते की यातलं नाटक किती आणि खरं किती. खरं सांगू, मला नाटक कुठंच दिसलं नाही.

बायका दस्तरखानाभोवती बसल्या. शेजारची हाफिझा म्हणाली, "पण चिल्ल्यातल्या पोराचा फोटो काढला तरी कुणी? हात झडोत मेलीचे!"

सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. काय करणार?

"असेल कुणी तिच्या माहेरची," अपा म्हणाली आणि चहाचा पेला माझ्यापुढं सरकवला. "मस्तूरा, तू पी गं. तुझा गार होतोय."

सगळ्या गेल्यावर तिनं मला थांबवलं.

"तो पहिला काढलास ना, बोट दिसणारा. पुसून टाकलास?"

"नाही."

"मोठा करून दे. बेहझोदच्याएवढा."

मी दिला करून. चौकट तिनं आधीच आणून ठेवली होती. खिळाही स्वतः ठोकला, बियांच्याच हातोडीनं. आता दोन्ही नातू शेजारी शेजारी आहेत. बेहझोदच्या मागं नुसतं पांढरं आहे. शोदमोनच्या मानेपाशी, पांढऱ्यातून, ते एक चपटं बोट बाहेर आलंय. नवीन माणसाला कळतही नाही ते काय आहे ते. वाटतं फोटोवालीची चूक.

परवा दिलोवरची दुसरी चिठ्ठी आली. मी वाचून दाखवली, 'आम्ही बरे आहोत, तुम्ही कशा आहात' एवढीच होती. अपानं ऐकली, घडी करून चौकटीच्या मागं खोचली.

"थोरल्याच्या वेळी मी नव्हते त्यात," ती म्हणाली. "ह्याला मी धरलेलं आहे."

मग मला पोचवायला फाटकापर्यंत आली. मी गल्लीत उतरले. मागं तिनं वरची कडी लावली, आणि मग वाकून खालची.